थेंबाला टोक नसते

मुलांसाठी लिहिलेल्या हवामानाच्या पुस्तकांत मजकूर थोडा आणि चित्रे मोठी असतात, आणि ते योग्यही आहे. परंतु त्यामुळे अक्षरे लागण्याआधीच मूल पाऊस, वीज आणि वादळ चित्रांतून शिकून घेते. मजकुरातली चूक पुढच्या एखाद्या इयत्तेत सुधारली जाते, चित्रातली मात्र मोठेपणीही डोळ्यांपुढे तशीच राहते. वर टोक आणि खाली गोलाई असलेला पावसाचा थेंब ही अशीच एक सर्वत्र आढळणारी चूक आहे. पृष्ठताणामुळे साधारण २ मिलिमीटरपेक्षा लहान थेंब जवळजवळ गोलच असतो. त्याहून मोठा होऊ लागला की खालून लागणारी हवा त्याचे बूड चपटे करते, आणि ५-६ मिलिमीटरच्या पुढे तो बहुधा फुटून त्याचे लहान थेंब होतात. टोक कोणत्याच टप्प्यावर येत नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फिलिप लेनार्ड यांनी १९०४ मध्ये खालून वर वाहणाऱ्या हवेच्या झोतात थेंब तरंगते ठेवून हे आकार पाहिले होते.

त्याच वर्षी अमेरिकेतील व्हरमाँटचे शेतकरी विल्सन बेंटली यांनी थेंब मोजण्याची आपली रीत प्रसिद्ध केली, आणि ती कोणत्याही मुलाला घरी करता येईल इतकी सोपी आहे. पसरट ताटलीत चाळलेल्या पिठाचा थर द्यायचा, ताटली पावसात क्षणभर धरायची, आणि पडलेल्या प्रत्येक थेंबाची जी गोळी बनते ती वाळू देऊन पट्टीने मोजायची. श्रावणातली भुरभुर आणि वळवाच्या सरी यांच्या गोळ्या शेजारी ठेवल्या की जे कळते, ते निळ्या रंगात छापलेल्या शंभर टोकदार थेंबांतून कळणार नाही.

इंद्रधनुष्याच्या चित्रात कमानीशेजारीच हसरा सूर्य काढण्याची पद्धतही अशीच आहे. सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी असल्याखेरीज धनुष्य दिसत नाही, आणि तो क्षितिजापासून सुमारे ४२ अंशांहून वर असेल तर जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला पावसातले मुख्य धनुष्य दिसतच नाही. म्हणूनच आपल्याकडे ते सकाळी किंवा दुपार कलल्यावर दिसते.

गडगडाटाविषयी मात्र अधिक सविस्तर लिहायला हवे, कारण ‘ढगावर ढग आपटतात म्हणून आवाज होतो’ हे वाक्य अजूनही छापले जाते. ढग म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे आणि बर्फाचे सूक्ष्म कण. ते एकमेकांत मिसळले तरी आवाज होण्याचे कारण नाही. आजी सांगत असत की वर म्हातारी हरभरे भरडते आहे. गंमत अशी की ही कल्पना पुस्तकातल्या वाक्यापेक्षा सत्याच्या जवळ जाते. वादळी ढगात जोरदार वर चढणाऱ्या हवेबरोबर बर्फाचे हलके स्फटिक वर जातात, तर बारीक ठिसूळ गारा मागे राहतात किंवा खाली येतात. त्यांच्या असंख्य टकरींत विद्युतभार वेगळा होतो, आणि सहसा ढगाच्या माथ्याकडे धन व मधल्या थरात ऋण भार साठतो. म्हातारीच्या जात्यातून येते ती वीज, आवाज नंतरचा. वीज चमकताना तिच्या वाटेतली हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापून स्फोटासारखी फैलावते, आणि तो धक्का आपल्याला गडगडाट म्हणून ऐकू येतो. ध्वनीला एक किलोमीटर यायला जवळपास ३ सेकंद लागतात, त्यामुळे लखलखाट आणि आवाज यांच्यामधले सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की विजेचे अंतर किलोमीटरमध्ये कळते. भागाकार येणाऱ्या मुलाला या खेळाने भीती आवरता येते, आणि धोकाही समजतो: भागण्याआधी मोजलेले सेकंद ३० हून कमी आले की पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबावे.

सर्वांत घातक चित्र मला अमेरिकी संशोधक बेंजामिन फ्रँकलिन यांच्या विजेच्या प्रयोगातल्या पतंगाचे वाटते. मोकळ्या मैदानात पतंगावर वीज कोसळते आहे, शेजारी लहानगा मुलगा आनंदाने पाहतो आहे, अशी ही चित्रे असतात. १७५२ मध्ये फ्रँकलिन यांचा मुलगा विल्यम विशीत होता. पतंगावर वीज पडली असती तर ती हकीकत सांगायला फ्रँकलिन बहुधा उरले नसते. वादळी हवेतला विद्युतभार ओल्या दोरीवाटे किल्लीपर्यंत आला, इतकाच तो प्रयोग होता, आणि दोरीच्या हातातल्या टोकाला बांधलेली रेशमी फीत कोरडी राहावी म्हणून दोरी धरणाऱ्याने आडोशाला उभे राहावे, असे त्यांनी स्वतःच लिहिले होते. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये अशाच स्वरूपाच्या प्रयोगात भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग रिखमान विजेने मृत्यू पावले. ही दुसरी गोष्ट मुलांच्या पुस्तकांत क्वचितच येते. भारतात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात, त्यांतली अनेक शेतात किंवा झाडाखाली. अशा देशात पहिली गोष्ट दुसरीशिवाय छापू नये.

वाऱ्याबाबतीत मुलांना देण्याजोगे उत्तम साहित्य प्रौढांच्या दप्तरात पडून आहे. ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वाऱ्याला ० ते १२ असे अंक दिले, ते जहाजांवरील वापरासाठी. १९०६ च्या सुमारास जॉर्ज सिम्प्सन यांनी त्यांना जमिनीवरच्या खुणा जोडल्या. हेच सिम्प्सन पुढे भारतीय हवामान खात्यात सिमल्याला आले आणि तिथल्या पावसाचा विद्युतभार मोजून, मोठे थेंब फुटल्यामुळे ढगात वीज निर्माण होते असा सिद्धांत त्यांनी १९०९ मध्ये मांडला. तो मुख्य कारण म्हणून पुढे टिकला नाही. वाऱ्याच्या खुणा मात्र टिकल्या. धूर सरळ वर गेला तर ०, धूळ आणि कागदाचे कपटे उडाले तर ४, छत्री सांभाळणे कठीण झाले तर ६, म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर, आणि झाडांच्या डहाळ्या मोडू लागल्या तर ८. उपकरण लागत नाही, खिडकी पुरते. या खुणा इंग्लंडमधल्या झाडांच्या आणि धुराड्यांच्या आहेत, इतकीच अडचण. माडाच्या झावळ्या कितव्या अंकाला एका बाजूला वळतात आणि शहाळी कितव्या अंकाला पडतात, हे कोकणातल्या एखाद्या शाळेने वेगमापक लावून दोन पावसाळे नोंदवले, तर आपल्या मुलांच्या पुस्तकात छापता येईल असा तक्ता तयार होईल.