लिनक्स चालवून पाहणं वेगळं, इन्स्टॉल करणं वेगळं

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि तेव्हापासून आमच्या दुकानाच्या काउंटरवर एकच प्रश्न रोज येतो: "मशीन धडधाकट आहे, पण विंडोज ११ घेत नाही. हलकं लिनक्स टाकलं तर चालेल का?" बहुतेक वेळा चालतं. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लिनक्सला लागत नाही, आणि आठ-दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही त्याला पुरतो. रॅम ४ जीबी असेल तर आम्ही लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू सुचवतो. रॅम २ जीबी किंवा त्याहून कमी असेल तर अँटीएक्स. ही सगळी लिनक्सचीच हलकी रूपं. मशीन ३२-बिटचं (फार जुन्या प्रोसेसरचं) असेल तर डाउनलोड करण्याआधी विचारा. लुबुंटूने २०१९मध्येच ३२-बिट बंद केलं आणि डेबियन या आणखी एका लिनक्सच्या १३व्या आवृत्तीतही ३२-बिटचा इन्स्टॉलर मिळत नाही.

लिनक्स सुरू करण्यासाठीचा पेन ड्राइव्ह बनवणं बऱ्याच जणांना जमतं. फक्त डाउनलोड केलेली लिनक्सची आयएसओ फाइल फोटोसारखी कॉपी-पेस्ट करू नका, तशा ड्राइव्हवरून मशीन सुरू होत नाही. ती रुफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामने ड्राइव्हवर 'लिहावी' लागते. (व्हेंटॉय हा अपवाद. त्याने ड्राइव्ह एकदा तयार केला की पुढे नुसती कॉपी चालते.)

हे पत्रक लिहायला घेतलं ते मात्र यापुढच्या चुकीसाठी.

रुफस लिहायला सुरुवात करताना विचारतं, 'यावरचा सगळा डेटा पुसला जाईल, चालेल?' तो प्रश्न पेन ड्राइव्हबद्दल असतो. तुम्ही 'हो' म्हणता, ते बरोबरच आहे. मग मशीन पेन ड्राइव्हवरून सुरू होतं, लिनक्सचा डेस्कटॉप दिसतो आणि त्यावर 'इन्स्टॉल' असं लिहिलेलं एक चिन्ह असतं. अनेकांना वाटतं की ते दाबल्याशिवाय लिनक्स 'चालू' होत नाही. खरं तर ते चालू झालेलंच असतं. चिन्ह दाबलं की चार-पाच पानांनंतर 'इरेज डिस्क' हा पर्याय येतो, आणि पुन्हा डेटा पुसला जाण्याची तीच सूचना. मघाशी पेन ड्राइव्हसाठी 'हो' म्हटलेलं असतं, म्हणून हाही पेन ड्राइव्हच असं समजून लोक पुन्हा 'हो' म्हणतात. या वेळची डिस्क तुमच्या कॉम्प्युटरची असते. विंडोज, हिशेबाच्या फायली, फोटो, सगळं तिच्यावरच असतं. इन्स्टॉलरला विंडोज ओळखू आलं नाही तर 'विंडोजशेजारी बसवा' हा पर्याय दिसतही नाही, आणि माणूस समोर दिसेल तो पर्याय निवडून मोकळा होतो.

मध्यंतरी एक ताई असाच लॅपटॉप घेऊन आल्या. हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची, फिरणारी होती, म्हणून बरंच हाती लागलं. पण फायलींची नावं गेली होती, फोल्डर गेले होते. लग्नाच्या फोटोंना 'एफ' आणि पुढे सात-आठ आकडे अशी नावं, आणि त्यांच्यात ब्राउझरने साठवलेली हजारो बारकी चित्रं मिसळलेली. ते निवडण्यात त्यांचे कित्येक दिवस गेले, आमचे तीन. एसएसडी (न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क) असती तर तेवढंही मिळालं नसतं. एसएसडी फॉरमॅट होताना लिनक्स तिला 'या जागा आता रिकाम्या' असं कळवतं, मग ती त्या जागा स्वतःच साफ करते आणि तिथून काही परत काढता येत नाही.

म्हणून पहिले चार-पाच दिवस 'इन्स्टॉल'ला हातच लावू नका. नुसतं चालवा. वायफाय जोडून पाहा, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, कॅमेरा दिसतो का, लॅपटॉपचं झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का. वायफाय दिसलं नाही तर 'इन्स्टॉल केल्यावर येईल' असं धरू नका. मोबाइल केबलने जोडून त्याचं इंटरनेट वापरा आणि आम्हाला वायफाय कार्डाचं मॉडेल कळवा.

वेगाचा निकाल मात्र पेन ड्राइव्हवरून लावू नका. प्रोग्राम उघडायला वेळ लागतो तो बहुतेक वेळा पेन ड्राइव्ह हळू वाचला जातो म्हणून. शिवाय साध्या लाइव्ह ड्राइव्हवर (म्हणजे इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून चालवताना) केलेलं काम बंद करताच जातं. तिथे टाइप केलेलं पत्र ठेवायचं असेल तर स्वतःला मेल करा. हेही सांगतो, की हलकं लिनक्स ब्राउझर हलका करत नाही. २ जीबी रॅमवर दहा टॅब उघडले तर कोणतंही लिनक्स अडखळेल. तिथे रॅम वाढवणं किंवा हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणं हाच इलाज. दोन्ही कामं आम्ही करतो, पण आधी चालवून पाहा आणि मग ठरवा.

सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारी मशीनमधली सोय) स्वतःहून बंद करण्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर त्या बदलानंतर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, ती आधी लिहून ठेवा. मिंट आणि लुबुंटूसाठी सिक्युअर बूट बंद करायची सहसा गरजच पडत नाही.

आम्ही बॅकअप डोळ्यांनी पाहिल्याशिवाय इन्स्टॉल करत नाही, मशीन एक दिवस ठेवून घेतो आणि कोणती डिस्क पुसायची याच्या कागदावर सही घेतो. काहींना हे अति वाटतं, "अर्ध्या तासाचं तर काम" असं ऐकवलं जातं. इन्स्टॉल अर्ध्या तासात होतं हे खरं. उरलेला वेळ बॅकअपमधल्या फायली एकेक उघडून बघण्यात जातो, आणि तो वेळ आम्ही कमी करणार नाही.

ज्यांना ड्राइव्ह बनवण्याच्या फंदात पडायचं नाही त्यांच्यासाठी मिंट, लुबुंटू आणि अँटीएक्स तिन्ही असलेला तयार पेन ड्राइव्ह आमच्याकडे मिळतो. कोणत्या मशीनवर कोणतं चालवायचं आणि बूट मेन्यूसाठी (मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायच्या यादीसाठी) कोणती की दाबायची, ते सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं.

आणि डिस्क चुकून पुसली गेलीच, तर मशीन लगेच बंद करा. त्यावर पुन्हा विंडोज टाकू नका, इंटरनेटवरचं कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवू नका. चार्जरसकट जसंच्या तसं घेऊन या.