सेव्ह न झालेल्या स्प्रेडशीटची पुनर्प्राप्ती

स्प्रेडशीटवर काम चालू असताना संगणक अचानक बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर सेव्ह न झालेले आकडे, सूत्रे व मजकूर शक्य तितके परत मिळवण्याच्या क्रियेस पुनर्प्राप्ती म्हणतात. वीज जाणे, बॅटरी संपणे, कार्यकारी प्रणालीत (ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) बिघाड होणे आणि अपडेट बसवण्यासाठी प्रणालीने स्वतःच रिस्टार्ट घेणे ही नेहमीची कारणे होत. ‘पुनर्प्राप्ती’ या शब्दाने थोडी दिशाभूल होते. गेलेले काम जसेच्या तसे परत येत नाही. ते जाण्यापूर्वी प्रोग्रॅमने डिस्कवर ठेवलेली एखादी प्रत तेवढी शोधता येते. अशी प्रत झालीच नसेल, तर कोणतेही साधन ती निर्माण करू शकत नाही.

चालू काम रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, असते. नेहमीच्या डीरॅम प्रकारात प्रत्येक बिट सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात राहतो आणि तो भार गळत असल्याने साधारणपणे दर 64 मिलिसेकंदांत ताजा करावा लागतो. वीज तुटली की हे काम थांबते. चिप गार केल्यास ही माहिती काही काळ टिकून राहते, असे संशोधकांनी 2008 मध्ये दाखवले. परंतु त्याचा संबंध माहितीच्या सुरक्षेशी आहे, हरवलेल्या तक्त्याशी नाही. रिस्टार्टमध्ये वीज पूर्ण तुटली नाही, तरी प्रणाली नव्याने उभी राहताना स्मृतीचे वाटपही नव्याने होते आणि जुन्या प्रोग्रॅमची जागा त्याला परत मिळत नाही. हायबरनेटच्या फाईलमध्ये काम सापडेल ही समजूतही बरोबर नाही. ती फाईल रीतसर हायबरनेट करताना, म्हणजे स्मृतीतील सारे डिस्कवर ठेवून संगणक बंद करताना, लिहिली जाते. अचानक बंद पडताना तेवढी सवडच नसते.

पहिली लोकप्रिय संगणकीय स्प्रेडशीट व्हिसिकॅल्क ही 1979 मध्ये ॲपल 2 संगणकासाठी आली. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन हे तिचे कर्ते. तिच्या फाईलची रचना या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे: कोणत्या चौकटीत जाऊन काय भरायचे, याच्या आज्ञांची ती यादी असे आणि ती तक्त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडून वरच्या डाव्या कोपऱ्याकडे लिहिली जाई. फाईल उघडणे म्हणजे एका अर्थी सारा तक्ता पुन्हा टंकित करणेच होते. मात्र ही यादी वापरकर्त्याने सेव्ह केल्यावरच तयार होई. मधल्या कामाची कोठेही नोंद होत नसे.

आपोआप प्रत ठेवण्याची कल्पना स्प्रेडशीटमध्ये कोठून आली, याची दोन मूळस्थाने संभवतात. एक म्हणजे विदागारांची (डेटाबेसची) रोजनामा पद्धत: प्रत्यक्ष बदल करण्याआधी त्याची नोंद वेगळ्या फाईलमध्ये करायची आणि बिघाडानंतर त्या नोंदींवरून स्थिती पुन्हा उभी करायची. ही पद्धत 1970 च्या दशकातील विदागार-संशोधनात आकाराला आली. दुसरे म्हणजे मजकूर-संपादक. बर्कली युनिक्स या कार्यकारी प्रणालीवरील एक्स व व्हीआय या संपादकांत, बहुधा 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून, सत्र तुटल्यावर मजकूर परत उघडण्याची सोय होती. ईमॅक्स या संपादकामध्ये अजूनही मूळ मांडणीनुसार 300 कळा दाबल्यावर वेगळी प्रत लिहिली जाते. तिच्या नावाच्या दोन्ही टोकांना हॅश चिन्ह असते. व्हिम या संपादकामध्ये 200 अक्षरे किंवा 4 सेकंदांची विश्रांती, यांपैकी जे आधी होईल ते प्रमाण. रोजनाम्याची परंपरा सैद्धांतिक दृष्ट्या अधिक भक्कम असली, तरी डेस्कटॉपवरील स्प्रेडशीट प्रत्येक बदल टिपत नाही. ती ठरावीक वेळाने अख्ख्या वर्कबुकची, म्हणजे तक्त्यांच्या संपूर्ण फाईलची, प्रत काढते. म्हणून तिचे नाते संपादकांशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. रोजनाम्याशी खरे साम्य ऑनलाइन स्प्रेडशीटमध्ये दिसते.

मायक्रोसॉफ्टचे एक्सेल 1985 मध्ये मॅकिंटॉशवर व 1987 मध्ये विंडोजवर आले. एक्सेल 2000 पर्यंत त्यात ऑटोसेव्ह हे वेगळे जोडावे लागणारे ॲड-इन होते आणि ते मूळ फाईलच सेव्ह करी. त्यामुळे करून पाहिलेला चुकीचा प्रयोगही मूळ फाईलमध्ये कायम होण्याचा धोका असे. ऑफिस एक्सपीबरोबर आलेल्या एक्सेल 2002 मध्ये ऑटोरिकव्हर अंगभूत झाले. मूळ फाईलला हात न लावता बाजूला प्रत ठेवणे, हा त्यातील खरा फरक. प्रतीचे अंतर सुरुवातीला 10 मिनिटांवर ठेवलेले असते व ते बदलता येते. वर्कबुक नीट बंद केले की ही प्रत पुसली जाते. म्हणजे ती केवळ अपघातासाठीच असते.

रिस्टार्टनंतर एक्सेल उघडल्यावर डावीकडे डॉक्युमेंट रिकव्हरीचा पट्टा दिसतो. एकाच फाईलच्या दोन नोंदी तेथे असू शकतात: एक शेवटी सेव्ह केलेली, दुसरी आपोआप ठेवलेली, आणि प्रत्येकीखाली वेळ. समजा 9.40 ला फाईल सेव्ह झाली, 10.20 ला प्रत निघाली आणि 10.28 ला संगणक बंद पडला. दुसरी नोंद उघडल्यास शेवटची 8 मिनिटे जातात, पहिली उघडल्यास 48. येथे घाई फार महाग पडते. पट्टा बंद करण्यापूर्वी दोन्ही नोंदी उघडून पाहाव्यात आणि हवी ती प्रत वेगळ्या नावाने सेव्ह करावी. मूळ फाईलवर ती लगेच चढवू नये. ज्या चौकटीत टंकन चालू होते पण एंटर दाबले नव्हते, तो मजकूर प्रतीत नसतो. अनडूची, म्हणजे केलेले बदल एकेक करून मागे घेण्याची, साखळीही परत येत नाही.

एकदाही सेव्ह न केलेल्या वर्कबुकसाठी एक्सेल 2010 पासून वेगळी सोय आहे. फाईल, इन्फो, मॅनेज वर्कबुक आणि रिकव्हर अनसेव्हड वर्कबुक्स या वाटेने अनसेव्हडफाईल्स नावाचे फोल्डर उघडते. विंडोजमध्ये ते छुप्या ॲपडेटा फोल्डरच्या आत असते. त्यातील प्रती सामान्यतः 4 दिवस राहतात, म्हणून शोध पुढे ढकलू नये.

सेव्ह होत असतानाच वीज गेली, तर प्रश्न निराळा होतो. एक्सेल नवा मजकूर आधी त्याच फोल्डरमध्ये आठ अक्षरांच्या अनोळखी नावाच्या तात्पुरत्या फाईलमध्ये लिहिते आणि लेखन पूर्ण झाल्यावर तिला मूळ नाव देते. मध्येच खंड पडल्यास ती फाईल मागे उरू शकते. टिल्डा व डॉलर चिन्हांनी (~$) सुरू होणारी छोटी फाईल मात्र निराळी: फाईल कोणी उघडली आहे एवढेच तीत असते, काम नसते. पुष्कळांची आशा तिच्यापाशीच अडकते. एक्सेलची नेहमीची एक्सएलएसएक्स फाईल मुळात झिप, म्हणजे अनेक फाईलींचे दाबून बांधलेले गाठोडे, असते आणि झिपची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. त्यामुळे अर्धवट फाईल नेहमीच्या पद्धतीने उघडत नाही. तरी आतील काही भाग शाबूत असू शकतात, आणि ओपन अँड रिपेअर ही आज्ञा ते गोळा करण्याचा प्रयत्न करते.

लिबरऑफिसच्या कॅल्क या स्प्रेडशीटमध्येही पुन्हा उघडताना पुनर्प्राप्तीची खिडकी येते. शिवाय नेहमी बॅकअप प्रत ठेवण्याचा पर्याय चालू केल्यास आधीच्या सेव्हची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये राहते. गूगल शीट्समध्ये बदल जसजसे होतात तसतसे सर्व्हरकडे जातात व आवृत्तींच्या इतिहासातून मागे जाता येते. 2017 पासून एक्सेलमध्ये वनड्राइव्ह व शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवण-सेवांवरील फाईलसाठी काही सेकंदांच्या अंतराने ऑटोसेव्ह होते; हे नाव जुन्या ॲड-इनचेच असल्याने गोंधळ होतो. मॅक ओएसमध्ये 2011 च्या लायन आवृत्तीपासून प्रणालीच्याच पातळीवर अशी सोय आहे.

पुसली गेलेली तात्पुरती फाईल डिस्कवरून उकरून काढता येते का, हे डिस्कवर अवलंबून असते. फिरत्या हार्ड डिस्कवर तिची जागा दुसऱ्या लेखनाने व्यापेपर्यंत शक्यता राहते. म्हणून शोध चालू असताना त्या डिस्कवर नवे काही उतरवू वा बसवू नये. एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपच्या डिस्कवर, ट्रिम आज्ञा रिकामी झालेली जागा डिस्कला कळवते आणि बहुधा थोड्याच वेळात तेथील मजकूर वाचण्याजोगा राहत नाही.