चारसोबीस : कायद्याच्या कलमाचा बोलीतला शब्द कसा झाला

मापात पाप करणारा दुकानदार चारसोबीस, एकच फ्लॅट तिघांना विकणारा बिल्डर चारसोबीस, आणि आजीच्या डब्यातला लाडू पळवून तोंड पुसून बसलेला नातूही चारसोबीसच. पहिल्या दोघांना शिवी म्हणून, तिसऱ्याला लाडाने. इतका ऐसपैस वापरला जाणारा हा शब्द मुळात फौजदारी कायद्यातल्या एका कलमाचा क्रमांक.

मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केला, तरी भारतीय दंड संहिता मंजूर व्हायला १८६० साल उजाडले. १ जानेवारी १८६२ पासून ती लागू झाली. तिच्या ५११ कलमांपैकी ४२० वे होते फसवणूक करून दुसऱ्याकडून मालमत्ता काढून घेण्याचे. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. खुनाचे ३०२ ही सगळ्यांना पाठ, पण थट्टेत कुणी कुणाला 'तीनशे दोन' म्हणत नाही. खुनाची चेष्टा होत नाही. लबाडीची होते, कारण ती रोज भेटते. हा आकडा घरात शिरला तो त्यामुळेच, असे मला वाटते.

मराठी हिशोबाने म्हणायला हवे 'चारशे वीस'. रुळले मात्र हिंदी वळणाचे 'चारसोबीस', आणि मग आपण त्याला खुशाल मराठी प्रत्यय लावून 'चारसोबीसपणा' केला. राज कपूर यांच्या १९५५ च्या 'श्री ४२०' ने या आकड्याला मोठी प्रसिद्धी दिली. नोकरी शोधत मुंबईत आलेला सरळ तरुण शंभर रुपयांत घर देण्याच्या फसव्या योजनेपर्यंत पोचतो, ही त्याची गोष्ट. लबाडाच्या आकड्यामागे आदराचे 'श्री' लावण्यातली खोच प्रेक्षकांना समजावून सांगावी लागली नाही.

हीच संहिता पाकिस्तान आणि बांगलादेशाकडेही वारशाने गेली, त्यामुळे तिथेही भामट्याला याच आकड्याने ओळखतात. नायजेरियाचा कायदा वेगळा. तिथे फसवणुकीचे कलम ४१९. म्हणून 'मोठे घबाड मिळवून देतो, आधी थोडे पैसे पाठवा' अशी पत्रे आणि ईमेल धाडणाऱ्यांचा धंदा जगभर 'फोर-वन-नाइन' म्हणून ओळखला जातो. दोन देशांत कोणी न ठरवता लोकांनी एकच युक्ती केली, हे मला फार विलक्षण वाटते.

अमेरिकेतल्या ४२० चा मात्र याच्याशी काही संबंध नाही. तिथे तो गांजाचा संकेत आहे. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेल हायस्कूलची काही मुले बेवारस गांजाचे पीक शोधायला दुपारी ४:२० ला जमत. त्या वेळेवरून तो पडला. पुढे 'हा पोलिसांचा वायरलेस कोड आहे' अशी कथा पसरली. ती खोटी, पण अजून सांगितली जाते.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचा तोच गुन्हा आता कलम ३१८ च्या पोटकलम ४ मध्ये आहे, शिक्षाही तेवढीच. नव्या संहितेत कलमेच ३५८, म्हणजे तिच्यात ४२० वे कलमच नाही. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना मात्र जुनीच संहिता लागू होते, त्यामुळे कोर्टांत चारशे वीसचे खटले अजून चालू आहेत.