कंपनी विकली म्हणजे काय विकलं? शेअर की धंदा?

चिपळूणच्या घरातून पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीचं काम करणाऱ्याला एके सकाळी ईमेल येतो: आपली कंपनी परदेशी समूहाने घेतली. नोकरी राहणार का, हा प्रश्न घरात लगेच निघतो. त्याचं उत्तर खरेदीदार कुठल्या देशाचा यापेक्षा त्याने नेमकं काय विकत घेतलं यावर जास्त ठरतं.

मिरकरवाडा बंदरातली एखादी ट्रॉलर कंपनीच्या नावावर आहे असं समजा. कंपनीचे भागधारक बदलले तरी बोटीचे कागद त्याच नावावर राहतात आणि तांडेल-खलाशांचा मालकही तोच. बोटच विकली तर मात्र कागदांवर नवं नाव चढतं आणि खलाशांना नव्या मालकाशी बोलणी करावी लागतात. पहिला प्रकार शेअर-खरेदीचा, दुसरा व्यवसाय-हस्तांतराचा.

2018 साली वॉलमार्टने 16 अब्ज डॉलरला फ्लिपकार्टचा सुमारे 77 टक्के हिस्सा घेतला, ती शेअर-खरेदी. अशा व्यवहारात तुमची संमती कोणी विचारत नाही, कारण कायद्याच्या नजरेत तुमचा मालक बदललेलाच नसतो. नेमणूकपत्र, पीएफ खातं, ग्रॅच्युइटीची वर्षं सगळं तसंच चालू राहतं. म्हणूनच लोक निर्धास्त होतात, आणि तिथेच फसतात. मालक तोच असल्यामुळे विक्रीच्या दिवशी कायदा तुम्हाला वेगळं काहीही देत नाही. नोकरकपात नंतर येते, दोन्ही कंपन्यांची कामं जुळवायला घेतली की. पगारपत्रक, हिशेब, एचआर, अंतर्गत आयटी सपोर्ट हे विभाग दोन-दोन झालेले असतात. कुडाळ किंवा रत्नागिरीसारख्या ठिकाणची वीस-तीस जणांची शाखा असेल, तर भाडेकरार संपण्याची तारीख बघून ठेवा. शाखा बंद करायला तोच सोयीचा मुहूर्त असतो. नेमणूकपत्रात ‘कुठेही बदली होऊ शकते’ हे कलम असलं की कपातीऐवजी हैदराबादची बदली हातात पडते. न जाणाऱ्याने राजीनामा दिला, तर कपातीची भरपाई मिळत नाही.

व्यवसाय-हस्तांतरात एखादा विभाग किंवा सगळा धंदा एकगठ्ठा किमतीला दुसऱ्या कंपनीकडे जातो. ऐकायला हे जास्त भीतिदायक वाटतं, पण संरक्षण इथेच अधिक आहे. फिलिप्सचा कोलकात्यातल्या साल्टलेकचा कारखाना व्हिडिओकॉनकडे गेला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केलं, की कामगाराला त्याच्या संमतीशिवाय नव्या मालकाकडे ढकलता येत नाही. पूर्वी औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25एफएफ मध्ये असलेला नियम आता औद्योगिक संबंध संहिता, 2020 च्या कलम 73 मध्ये आहे. सेवा अखंड धरली, अटी पूर्वीपेक्षा वाईट नाहीत आणि पुढे कपात झाल्यास जुनी वर्षं धरून भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकाने घेतली, या तिन्ही गोष्टी झाल्या तर भरपाई नाही. एक जरी हुकली, तरी किमान वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला नोटीस आणि दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार मिळतो. व्यवस्थापकीय पदावरचे लोक ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत. त्यांना नेमणूकपत्राचाच आधार.

घात होतो तो कागदावर. एचआर दोन कागद पुढे करतं: जुन्या कंपनीचा राजीनामा आणि नवीन कंपनीचं नेमणूकपत्र, रुजू तारीख आजची. घाईत दोन्हींवर सही होते. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा पगार 30,000 आणि नोकरी 8 वर्षांची असेल, तर दर वर्षामागे 15 दिवस आणि महिना 26 दिवसांचा धरून ग्रॅच्युइटी 30,000 × 15 ÷ 26 × 8 म्हणजे सुमारे 1,38,461 रुपये होते. आठ वर्षं झालेली असल्याने राजीनाम्यानंतरही ही रक्कम जुन्या कंपनीकडून वसूल करता येते. चार वर्षं झालेल्या कायम कर्मचाऱ्याचं मात्र घड्याळ शून्यावर येतं, कारण त्याला पाच वर्षं पुरी करायची असतात. म्हणून राजीनाम्याऐवजी ‘हस्तांतर-पत्र’ मागा आणि त्यात मूळ रुजू तारीख व ‘सेवा अखंड’ हे शब्द लिहून घ्या. एचआरच्या तोंडी आश्वासनाला इथे काडीची किंमत नाही.

दोन्ही प्रकार एकामागून एकही येऊ शकतात. आधी शेअर घेतले जातात, मग वर्ष-दोन वर्षांत एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) आदेशाने कंपनी मोठ्या कंपनीत विलीन होते. मालकी पुन्हाही बदलू शकते: पटणी कॉम्प्युटर या आयटी कंपनीचे बहुसंख्य शेअर 2011 साली आयगेटकडे गेले आणि 2015 साली आयगेटच कॅपजेमिनीने सुमारे 4 अब्ज डॉलरला घेतली. विलीनीकरणाच्या योजनेत कर्मचाऱ्यांविषयीचा परिच्छेद असतो, तो शोधून वाचा.

आपल्या बाबतीत काय झालंय हे घरबसल्या कळतं. फॉर्म 16 वरचा टॅन (पगारातून कर कापणाऱ्या कंपनीचा क्रमांक) आणि पीएफ पासबुकातला आस्थापना क्रमांक मागच्या वर्षीशी ताडून बघा. दोन्ही तेच असतील तर शेअर विकले गेलेत. बदलले असतील तर मालक बदललाय. मग यूएएन (तुमचा कायमचा पीएफ क्रमांक) तोच ठेवून जुनं पीएफ ऑनलाइन फॉर्म 13 ने नव्या खात्यात वळवा. काढून घेऊ नका, कारण पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो.