‘रिस्पॉन्सिव्ह’ शब्दाचा घोळ: वेबसाइटच्या स्पीडची मागची गोष्ट

कोल्हापुरात राजारामपुरीत वेबसाइट करून देणाऱ्या कुठल्याही ऑफिसचं कोटेशन उघडा, एक ओळ ठरलेली असते, ‘फुल्ली रिस्पॉन्सिव्ह वेबसाइट’. मी स्वतः ही ओळ किती वर्षं कॉपी-पेस्ट करतोय ते देवालाच माहीत. गिऱ्हाईक त्याचा अर्थ घेतं की मोबाईलवर नीट दिसणार, आणि तेवढ्यावर ते खूश असतं. मग सहा महिन्यांनी फोन येतो, “अहो साहेब, तुमची साइट रिस्पॉन्सिव्हच नाही, बटन दाबलं तर हालतच नाही.” आता यात चुकीचं कोण? कोणीच नाही. शब्द एक, अर्थ दोन, आणि ह्या दोन अर्थांच्या फटीत लई साइट्स अडकून पडल्यात.

अगदी सुरुवातीचं फार सांगत बसत नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडं सामान्य माणसाला इंटरनेट मिळायला लागलं, मग मोडेमचा तो किर्रर्र आवाज, घरचा फोन एंगेज, सायबर कॅफे, हे सगळ्यांनी बघितलंय. एकच हिशोब ध्यानात ठेवा, ५६ केचा मोडेम अगदी रंगात आला तरी सेकंदाला ७ केबी. आज आपण फोनमधून काढलेला ३ एमबीचा फोटो जसाच्या तसा साइटवर चढवतो ना, तो तेव्हा उतरायला सात मिनिटं लागली असती. म्हणून त्या काळात स्पीड म्हणजे वायर, विषय संपला. पानच हलकं असायचं, आणि एकदा उतरलं की त्यात दाबण्यासारखं होतंच काय, चार लिंका.

पण ‘रिस्पॉन्स’ हा शब्द त्याच्याही आधीचा आहे. कॉम्प्युटरनं किती वेळात उत्तर दिलं म्हणजे माणसाला खटकत नाही यावर १९६८ मध्येच अभ्यास झालेला, आणि १९९३ मध्ये माणसं कॉम्प्युटर कसा वापरतात ते अभ्यासणाऱ्या एका तज्ज्ञानं तीन आकडे मांडले ते अजून चालतात: ०.१ सेकंदात झालं तर माणसाला वाटतं मीच केलं, १ सेकंदापर्यंत विचाराची तार तुटत नाही, १० सेकंदांच्या पुढं माणूस दुसरीकडं बघायला लागतो. तो पहिला ०.१ सेकंदवाला आकडा म्हणजे आपल्या भाषेत खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. म्हणजे मूळ अर्थ हाच की दाबलं की झालं पाहिजे. स्क्रीनच्या मापाचा त्यात काही संबंध नव्हता.

माप आलं ते मोबाईलमुळं. २००७ चा पहिला आयफोन आला तेव्हा सगळ्या साइट्स मोठ्या स्क्रीनसाठी केलेल्या, म्हणून त्या फोननं शक्कल काढली, पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरायचं, आकसून ३२० मध्ये बसवायचं आणि वाचायचं तिथं दोनदा टिचकी मारली की झूम. भारी कल्पना. फक्त तिची एक किंमत होती जी बऱ्याच जणांच्या लक्षात आली नाही. एकदा टिचकी मारल्यावर ब्राउझरला कळणार कसं की दुसरी येणार आहे का नाही? म्हणून तो थांबायचा, सुमारे ३०० मिलिसेकंद, प्रत्येक टिचकीला. लिंक दाबा, थांब. बटन दाबा, थांब. वर सांगितलेल्या पहिल्या आकड्याच्या तिप्पट वेळ, काही काम न करता, नुसता वाट बघण्यात. पुढं बहुतेक मोबाईल ब्राउझरनी हे उचललं.

मग मे २०१० मध्ये एका अमेरिकन डिझायनरनं एक लेख लिहिला आणि त्यात ‘रिस्पॉन्सिव्ह’ हा शब्द पार वेगळ्या अर्थानं आणला. त्यानं तो उचलला बांधकामाकडून, माणसं आली की त्यांच्यानुसार आकार बदलणाऱ्या भिंती-खोल्या असा तिकडं एक प्रयोग चालू होता, तसं स्क्रीन बदलली की पानानं आकार बदलावा. प्रमाणात पसरणारे कॉलम, लवचिक फोटो आणि स्क्रीनची रुंदी विचारणारे नियम, एवढ्या तीन गोष्टींवर अख्खं काम. शब्द असा काय चालला की दोन-तीन वर्षांत जुना अर्थ पार पुसला गेला. मराठीत कोणी ‘प्रतिसादशील’ वगैरे करून बघितलं, त्यानं तर गोंधळ वाढलाच, कारण प्रतिसाद म्हटलं की आपल्याला उत्तर देणं आठवतं, अंग चोरून बसणं नाही. माझं मत विचाराल तर त्याला ‘मापात बसणारी साइट’ म्हटलं असतं तर पुढची दहा वर्षं निम्मी भांडणं झाली नसती.

आणि गंमत बघा, मापात बसणारी साइट जलद असते असं काही नव्हतं, उलट सुरुवातीला ती जड व्हायची. आधी मोबाईलसाठी वेगळी बारकी साइट करायचे, तिच्यात मोजकंच असायचं. आता एकच साइट सगळीकडं, मग मोठ्या स्क्रीनचा मोठा फोटो मोबाईलवर पण उतरायचा, नुसता लहान करून दाखवायचा. जो भाग मोबाईलवर लपवलाय त्यातला फोटो सुद्धा गुपचूप उतरायचाच. स्क्रीन बघून योग्य मापाचा फोटो मागवायची सोय ब्राउझरमध्ये २०१४ च्या सुमारास यायला लागली, तोपर्यंत गिऱ्हाईकाचा नेटपॅक आपण उडवत होतो.

तरी एका ठिकाणी दोन्ही अर्थ खरंच एकत्र आले, आणि हे फार कमी जण सांगतात. जानेवारी २०१४ च्या सुमारास आलेल्या क्रोम ब्राउझरच्या ३२ व्या आवृत्तीनं अँड्रॉइडवर ठरवलं की पानानं ‘माझी रुंदी फोनच्या रुंदीएवढी धर’ असं सांगितलं असेल तर तिथं दोन टिचक्यांच्या झूमची गरजच नाही, मग ३०० मिलिसेकंद थांबायचं कशाला? काढून टाकलं. आयफोनवाल्यांनी २०१६ मध्ये तसंच केलं. म्हणजे मापात बसवायची जी एक ओळ आपण कोडमध्ये टाकत होतो तिनंच बटन पण हलकं झालं. तेवढ्यापुरतं ‘रिस्पॉन्सिव्ह केलं म्हणून साइट पळायला लागली’ हे खरं होतं. आणि तिथंच धंद्यातल्या लोकांनी ते कायमचं खरं धरलं. त्यात मी पण आलो.

२१ एप्रिल २०१५ ला सर्चवाल्या मोठ्या कंपनीनं मोबाईलवर नीट दिसणाऱ्या साइट्सना मोबाईल सर्चमध्ये वर घ्यायला सुरुवात केली, तेव्हा आमच्याकडं कामाची रांग लागली. शाहूपुरीतले ट्रान्सपोर्टवाले, उद्यमनगरातले फाउंड्रीवाले, सगळ्यांना एकदम रिस्पॉन्सिव्ह पाहिजे. अक्षर वाचता येतं का, बटनांत अंतर आहे का, पान आडवं सरकत नाही ना, एवढंच तपासलं जायचं. स्पीडचा त्यात उल्लेख नव्हता. त्यानंतर त्याच कंपनीनं एएमपी नावाची हलक्या पानांची पद्धत आणली, बातम्यांच्या साइट्स नाइलाजानं तिच्या मागं धावल्या, आणि २०२१ मध्ये तिची सक्ती सुटली. त्यावर वेगळं लिहिता येईल.

खरा फरक पडला सप्टेंबर २०१६ नंतर. फोर-जी घरोघरी आलं, डेटा फुकट, मग स्वस्त. आम्हाला वाटलं स्पीडचा विषय मिटला आता. वायर मिटली, पण ओझं फोनच्या डोक्यावर गेलं. तयार थीम, त्यावर पेज बिल्डर, त्यावर स्लायडर, चॅटचा गोळा, पॉपअप, चार ठिकाणचे ट्रॅकर, हे सगळं जावास्क्रिप्ट (पान हलतं-बोलतं करणारा कोड) साध्या फोनच्या प्रोसेसरनं चघळायचं. ते चघळत असताना बोट लावलं तर त्याच्याकडं बघायला कोणी रिकामं नसतं, कारण पानाचं बरंचसं काम एकाच रांगेतून चालतं. आपलं बँकेतल्या एकाच खिडकीसारखं.

चप्पल लाइनमधल्या एका दुकानाची साइट आम्हीच केलेली. पान झटक्यात यायचं, फोटो झकास. ‘साइज ८’ वर बोट लावलं की मात्र काहीच नाही. सेकंदभर. माणूस परत दाबतो, परत दाबतो, मग एकदम तिन्ही टिचक्या लागू होतात आणि कार्टमध्ये ‘कापशी’ चपलेचे तीन जोड. दुकानदाराला वाटायचं गिऱ्हाईक चेष्टा करतंय. शोधलं तर साइज बदलला की किंमत, फोटो, स्टॉक, खालचे ‘हेही बघा’वाले बारा जोड, सगळं नव्यानं मांडलं जात होतं, आणि बटनाचा रंग बदलायचं काम त्या सगळ्याच्या शेवटी. क्रम उलटा केला, आधी बटन, बाकीचं मागनं. बाकी कोडला हात लावला नाही.

मोजमापाचं पण असंच झालं. २०१० मध्ये डेस्कटॉपच्या आणि जुलै २०१८ मध्ये मोबाईलच्या सर्चच्या क्रमवारीत स्पीड धरला गेला, पण तो पान येण्याचा. मे २०२० मध्ये त्याच सर्चवाल्या कंपनीनं तीन मापं जाहीर केली: मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, पानानं उड्या मारू नयेत, आणि पहिल्या टिचकीची दखल १०० मिलिसेकंदांत घ्यावी. या तिसऱ्याचं नाव एफआयडी (फर्स्ट इनपुट डिले). त्यात मोजायचे काय तर फक्त पहिली टिचकी, आणि तिचं सुद्धा काम सुरू होईपर्यंतचा वेळ, पूर्ण होईपर्यंतचा नाही. आमची ती चप्पलवाली साइट ह्यात पास होती! १२ मार्च २०२४ ला ते काढून आयएनपी (इंटरॅक्शन टू नेक्स्ट पेंट) आलं, ते माणूस पानावर असेपर्यंतच्या सगळ्या टिचक्या बघतं आणि बोट लावल्यापासून स्क्रीनवर बदल दिसेपर्यंत घड्याळ चालू ठेवतं. २०० मिलिसेकंदांच्या आत चांगलं, ५०० च्या पुढं वाईट. शेवटी १९६८ चाच अर्थ परत आला, फक्त फिरून.

स्पीड म्हटलं की बरेच जण मराठी अक्षरांना शिव्या देतात, देवनागरीचं एक अक्षर साठवायला ३ बाइट लागतात म्हणून. लागतात, पण हजार शब्दांचा मजकूर वीसएक केबीत बसतो. पावसाळ्यात आपल्याला पाहिजे असतो एकच आकडा, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट, ३९ ला इशारा, ४३ ला धोका. तो आकडा मी एका साइटवर कागदाचा फोटो काढून चढवलेला बघितलाय, ३ एमबीचा, वाकडा.

आता नवीन तक्रार अशी की हे आयएनपी खऱ्या वापरणाऱ्यांच्या क्रोममधून गोळा होतं, आयफोनवरचे त्यात धरत नाहीत, आणि कमी ट्रॅफिक असेल तर ‘पुरेसा डेटा नाही’ असं सांगून मोकळं होतं. कोल्हापुरातल्या बऱ्याच दुकानांच्या साइट्सना हेच उत्तर मिळतं. प्रयोगशाळेतली टेस्ट चालवावी तर तिथं टिचकी मारायला माणूसच नाही, ती नुसता अंदाज देते. म्हणून आमच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये २०१८ चा एक २ जीबी रॅमवाला फोन पडून असतो, काच तडकलेला. साइट देण्याआधी कोणीतरी तो चार्जिंगला लावतं आणि ‘साइज ८’ दाबून बघतं.