.एचडीआर-.आयएमजी जोडी: अ‍ॅनालाइझ की निफ्टी?

मेंदूच्या एमआरआयचा जुना डेटा उघडला की एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात, एक .एचडीआर आणि एक .आयएमजी. ही जोडी अ‍ॅनालाइझ ७.५ ची असू शकते, तशीच निफ्टी-१ चीही; दोन्ही अशी चित्रं साठवायचे फाइल-फॉरमॅट आहेत. नावावरून कळत नाही आणि हेडरच्या, म्हणजे चित्राचं वर्णन असलेल्या भागाच्या, आकारावरूनही नाही, कारण दोन्हींचा हेडर ३४८ बाइटचाच असतो. हा योगायोग नव्हे. मेयो क्लिनिकमध्ये जन्मलेलं अ‍ॅनालाइझ वाचणारे प्रोग्राम आधीच सर्वत्र होते, म्हणून निफ्टी आखणाऱ्यांनी हेडरचा सांगाडा तोच ठेवला आणि त्यातल्या फारशा न वापरल्या जाणाऱ्या जागा नव्या कामाला लावल्या. त्यामुळे जुना प्रोग्राम निफ्टीची जोडीही मुकाट्याने उघडतो. तक्रार केली असती तर बरं झालं असतं.

खरा फरक दिशेचा आहे. अ‍ॅनालाइझमध्ये २५२ क्रमांकाच्या बाइटवर दिशेसाठी एकच बाइट होता आणि बऱ्याच प्रोग्रामनी त्याकडे लक्षच दिलं नाही. पहिला व्हॉक्सेल, म्हणजे चित्राचा त्रिमितीय ठिपका, डोक्याच्या उजवीकडचा की डावीकडचा, हे ज्याने त्याने आपापल्या प्रथेनुसार ठरवलं. नाक मागे गेलं तर कुणालाही दिसतं. डावं-उजवं उलटलं तर मात्र दिसत नाही, कारण मेंदूचे दोन्ही अर्धगोल साधारण सारखेच असतात.

निफ्टीने नियम घालून दिला: एक्स उजवीकडे वाढतो, वाय पुढे, झेड वर. २५२ आणि २५४ वर आता क्यूफॉर्म आणि एसफॉर्म या चित्राची जागा-दिशा सांगणाऱ्या दोन नोंदींचे कोड बसतात. क्यूफॉर्ममध्ये फिरवणं आणि सरकवणं एवढंच मावतं, म्हणून स्कॅनरमधली मूळ स्थिती बहुधा त्यात ठेवतात. एसफॉर्ममध्ये १२ आकडे असतात, त्यात ताणणं-तिरकं करणंही बसतं. कोड १ म्हणजे स्कॅनरची जागा, ४ म्हणजे एमएनआय-१५२ हा प्रमाण मेंदू-नकाशा. दोन्ही कोड ० असतील तर ती फाइल नावापुरती निफ्टी. दिशेच्या बाबतीत ती अ‍ॅनालाइझइतकीच आंधळी. दोन्ही भरलेले पण वेगवेगळे असतील तर कोणता प्रोग्राम कोणता मानतो, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ओळखायचं कसं? हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलीचे बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्राम) हेडरचे ३४४ ते ३४७ हे चार बाइट पाहा. तिथे एन, आय, १ आणि शून्य बाइट असेल तर निफ्टीची जोडी; एकसंध .एनआयआय फाइलमध्ये मधल्या आयच्या जागी अधिकचिन्ह येतं. यांपैकी काहीच नसेल तर अ‍ॅनालाइझ. सुरुवातीला ३४८ ऐवजी १५४३५६९४०८ दिसलं तर फाइल बिघडलेली नाही, बाइटचा क्रम उलटा वाचला जातोय एवढंच.

आकडेही दगा देतात. निफ्टीत ११२ वर गुणक आणि ११६ वर बेरजेचा आकडा असतो; साठवलेली किंमत गुणकाने गुणून त्यात तो मिळवायचा. गुणक ० असेल तर दोन्ही सोडून द्यायचे. एसपीएम हा मेंदूच्या चित्रांचं विश्लेषण करणारा प्रोग्राम आपल्या अ‍ॅनालाइझ फाइलींत याच ११२ वर गुणक ठेवत असे, पण इतर प्रोग्राम तो वाचतीलच असं नाही. शिवाय अ‍ॅनालाइझमध्ये चिन्हविरहित (फक्त शून्य आणि धन आकड्यांचा) १६-बिट प्रकारच नाही, त्यामुळे तसा डेटा त्यात कोंबला की ३२७६७ च्या पुढच्या किमती ऋण दिसतात.

नाव बदलून .एनआयआय केलं म्हणजे रूपांतर झालं, असं नाही. एकसंध फाइलमध्ये चित्राचा डेटा ३५२ व्या बाइटपासून किंवा त्यानंतर सुरू होतो. रीतसर रूपांतर करणारा प्रोग्रामसुद्धा हरवलेली दिशा शोधून आणत नाही, तो आपला अंदाज हेडरमध्ये लिहून टाकतो, आणि मग तो अंदाज खात्रीच्या माहितीसारखा दिसू लागतो. म्हणून स्कॅनरमधून आलेला मूळ डायकॉम डेटा शिल्लक असेल तर तिथूनच डीसीएम२निक्स या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने नवी निफ्टी काढावी. नसेल तर स्कॅनच्या वेळी डोक्याच्या उजव्या बाजूला चिकटवलेली व्हिटॅमिन ईची कॅप्सूल किंवा कोणत्या बाजूला आहे हे नोंदलेली गाठ शोधावी. एसपीएमच्या जुन्या जोडीबरोबर त्याच नावाची .मॅट फाइल असेल तर ती पुसू नका. दिशा तिच्यातच आहे.