होडीवरचं गवत आलं कुठून? बदकांच्या शिकारीतल्या आडोशाची पार्श्वभूमी

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं वन्यप्राण्यांच्या शिकारीचे दिवस संपवले. अमेरिकेत मात्र परवाना, ठरलेला हंगाम आणि रोजची मर्यादा पाळून रानबदकं मारणं आजही कायदेशीर आहे. हंगाम जवळ आला, की तिथल्या शिकाऱ्यांत एक वाद हमखास रंगतो: होडीभोवती लपण्यासाठी केलेल्या आडोशाला लावायचं काय? राफियाचे, म्हणजे ताडासारख्या झाडाच्या पानांच्या धाग्याचे, झुपके, कारखान्यातल्या गवती चटया, की काठावरून कापून आणलेलं गवत? वाद रंगाचा वाटतो. पण शिकारी आज या प्रश्नापाशी उभा आहे तो बराचसा कायद्यांमुळे.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न पडायचंच फारसं कारण नव्हतं. न्यू जर्सीच्या बार्नेगॅट उपसागरात वेस्ट क्रीकच्या हेझल्टन सीमननं १८३६ च्या सुमारास ‘स्नीकबॉक्स’ नावाची होडी बांधली. लांबी साधारण १२ फूट, तळ उथळ, वरचा भाग फळ्यांनी झाकलेला आणि मधे एक माणूस आत शिरून आडवा होईल एवढंच तोंड. शिकारी ती खाजणात ओढून न्यायचा आणि तिथलंच गवत उपटून फळ्यांवर पसरायचा. होडी मुळात इतकी बुटकी, की थोड्या गवतानं काम भागे. गवत निवडायचा प्रश्नच नव्हता. जिथे थांबायचं, तिथलंच वापरायचं.

चेसापीक उपसागरात तर गवतही लागत नसे. हॅवर डी ग्रेस गावाच्या परिसरात, सस्क्वेहॅना नदीच्या मुखाशी, ‘सिंकबॉक्स’ चालायचा. ही शवपेटीसारखी लाकडी पेटी. तिच्या चारही बाजूंना पाण्यावर तरंगणारे सपाट पंख आणि पेटी हवी तेवढी बुडावी म्हणून त्यांवर वजनासाठी ठेवलेली लोखंडी नकली बदकं. आत उताणा पडलेला माणूस जवळजवळ पाण्याच्या पातळीखाली जायचा. खऱ्या बदकांना भुलवायला सभोवती शेकडो लाकडी बदकं तरंगत असायची. कॅनव्हासबॅक या चविष्ट बदकाला बड्या हॉटेलांत मोठा भाव होता आणि बाजारासाठी मारणाऱ्यांनी ही पेटी बेसुमार वापरली.

मग एकेक दार बंद होत गेलं. १९०० च्या लेसी कायद्यानं बेकायदा मारलेल्या पक्ष्यांच्या आंतरराज्य व्यापाराला चाप लावला. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानं त्यांची विक्रीच थांबवली. १९३० च्या दशकातल्या दुष्काळात बदकांची संख्या घसरली. १९३४ मध्ये शिकाऱ्यांना ‘डक स्टँप’ हे सरकारी तिकीट विकत घेणं सक्तीचं झालं आणि १९३५ मध्ये सिंकबॉक्स, जिवंत बदकांचं आमिष आणि दाणे टाकून पक्षी बोलावणं, या तिन्हींवर बंदी आली. पाण्याखाली दडायची सोय गेली, भुलवायची हुकमी साधनंही गेली. उरलं ते पाण्याच्या वर, उघड्यावर लपणं. गवताला खरं महत्त्व आलं ते इथपासून, असं मला वाटतं.

सामानाचा दुसरा प्रवाह युद्धांतून आला. तोफा झाकायला सैन्य जाळ्यांत गोणपाटाच्या पट्ट्या गुंफत असे. हा गोणपाट म्हणजे ताग, आणि तागाचं माहेर बंगाल. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या अमेरिकी मरीन सैनिकांना ‘फ्रॉगस्किन’ नावाचा ठिपक्याठिपक्यांचा गणवेश मिळाला. त्याची नक्षी नॉरवेल गिलेस्पी या बागकामतज्ज्ञाची. युद्धानंतर उरलेला माल स्वस्तात विकला गेला आणि बदकांच्या शिकाऱ्यांनी तो उचलला. १९८० च्या दशकात ट्रीबार्क, मॉसी ओक, रियलट्री या कंपन्यांनी झाडाची साल आणि पानं कापडावर छापायला सुरुवात केली. पुढे लव्हाळ्याची चित्रंही आली.

ही चित्रं शिकाऱ्याला जास्त भुलवतात, बदकाला कमी. सपाट फळीवर गवताचं कितीही हुबेहूब चित्र काढलं, तरी वरून उडणाऱ्या पक्ष्याला ती फळीच दिसते: सरळ कड आणि आत काळी सावली. खरं गवत कड मोडतं, वाऱ्यानं हलतं आणि त्याच्या काड्यांत प्रकाश-सावली आपोआप मिसळते. शिवाय बदकांना अतिनील प्रकाशही दिसतो, त्यामुळे आपल्या डोळ्यांना जुळलेला रंग त्यांना जुळेलच असं नाही. नवीन चटयांना चिखल फासायची पद्धत पडली ती त्यांची चकाकी घालवण्यासाठी.

राफिया पसंतीला उतरला तो या हलण्यामुळेच. मादागास्करमधल्या ताडवर्गीय झाडाच्या पानांचा हा धागा हलका असतो आणि रंग चांगला धरतो. दोष दोन. एकाच छटेचा लावला, तर होडी गवताच्या गंजीसारखी उठून दिसते. आणि तो पटकन पेट घेतो. थंडीत आडोशाआड गॅसची शेगडी पेटलेली असतेच.

मग काठावरचं फुकटचं गवत का नको? तिथेही कायदा आडवा येतो. १९९९ च्या आमिषविषयक नियमांत नैसर्गिक वनस्पतींचा आडोसा चालतो. पिकांची ताटंही चालतात, पण त्यांतून दाणा बाहेर पडता कामा नये. कणसासकट मक्याची ताटं होडीला बांधली आणि दाणे पाण्यात सांडले, तर ते आमिष ठरू शकतं.

दुसरी अडचण फ्रॅगमायटिसची, म्हणजे बोरूसारख्या उंच गवताची. उंच, ताठ, तुरेदार, आडोशाला अगदी सोयीचं. पण त्याचा युरोपातून आलेला वाण अमेरिकेच्या पाणथळींत तणासारखा पसरलाय, आणि तुरे होडीवरून दुसऱ्या तळ्यावर नेले की बीही जातं. लुइझियानात तर गोष्ट उलटी आहे. मिसिसिपीच्या मुखाशी हेच गवत, तिथल्या बोलीत ‘रोझो केन’, जमीन धरून ठेवतं. गेल्या दशकात त्यावर बाहेरून आलेली खवलेकीड पडली आणि गवताची बनं वाळू लागली. तेव्हा शिकाऱ्यांना सांगण्यात आलं, की आडोशाला कापलेलं रोझो तिथून बाहेर हलवू नका.